महाविद्यालयासाठी पर्यावरणपूरक संगणक खरेदी: मागणीपत्रापासून निर्लेखनापर्यंत

तुलनात्मक तक्त्यात दराचा रकाना अगदी उजवीकडे असतो, तरी सगळ्यांचे डोळे आधी तिथेच जातात. एका महाविद्यालयाच्या संगणक खरेदी समितीवर मी काम करत होते तेव्हा आम्हीही तेच केलं. सगळ्यात कमी दराचे चाळीस लॅपटॉप घेतले. मेमरी ४ जीबी, तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली. विनिर्देशांत हे स्पष्ट लिहिलेलं होतं, आम्ही ती ओळ वाचून पुढे गेलो. तीन वर्षांत अशी वेळ आली की ब्राउझरचे चार टॅब उघडले की यंत्र थिजायचं. मेमरी वाढवायला जागाच नव्हती. पडदे उत्तम, कीबोर्ड ठणठणीत, बॅटऱ्याही बऱ्या, तरी चाळीसच्या चाळीस लॅपटॉप कपाटात गेले. त्या कपाटाची मला आजही टोचणी आहे. पुढे जे लिहिलंय ते त्यानंतरच्या खरेद्यांमधून शिकलेलं आहे.

नुकसान नेमकं कुठे होतं

संगणक पर्यावरणाला जड जातो म्हटलं की बहुतेकांना विजेचं बिल आठवतं. लॅपटॉपच्या बाबतीत मोठा खर्च त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. उत्पादक आपापल्या मॉडेलांचे कार्बन अहवाल प्रसिद्ध करतात. ते उघडून पाहा: लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून मोठा वाटा बहुतेक वेळा खाण ते कारखाना या टप्प्यातच संपलेला दिसतो. खोकं फोडून बटण दाबायच्या आत. चिप, मदरबोर्ड, पडदा आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवणीची डिस्क) हे त्यातले मोठे भागीदार. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ सालच्या अभ्यासाने एक डेस्कटॉप आणि त्याचा १७ इंची जुन्या धाटणीचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागतं असा हिशेब मांडला होता. ते काचेच्या नळीचे मॉनिटर आता गेले. चिप घडवायला लागणारी अतिशुद्ध रसायनं, पाणी आणि वीज मात्र गेलेली नाही.

मग करायचं काय, तर एक साधा भागाकार. समजा एक लॅपटॉप बनवताना २४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. तीन वर्षांत टाकला तर वर्षाला ८० किलो पडले, सहा वर्षं चालवला तर ४०. रिसायकल केलेल्या प्लास्टिकची कडा, कागदी खोकं, हिरवं पान छापलेलं पत्रक, यातलं काहीही हा आकडा निम्म्यावर आणू शकत नाही. यंत्र किती वर्षं काम देईल, हा या खरेदीतला मुख्य प्रश्न आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच्याभोवती फिरते.

सर्व्हरचं गणित उलटं. तो रात्रंदिवस चालतो, त्यामुळे तिथे वापरातली वीज बहुतेक वेळा उत्पादनावर मात करते. म्हणून लॅपटॉप, प्रयोगशाळेतले डेस्कटॉप आणि सर्व्हर यांना एकच पट्टी लावू नका.

शेवटच्या टोकाला काय होतं तेही लक्षात असू द्या. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. यात फ्रिजपासून फोनपर्यंत सगळं आलं. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे.

पहिली पायरी: आहे ते मोजा

खरेदीचा प्रस्ताव यायच्या निदान तीन महिने आधी हे काम सुरू करा. डेडस्टॉक रजिस्टरवर विसंबून राहू नका. त्यात नोंद असते, यंत्राची अवस्था नसते. प्रत्येक यंत्रासमोर उभं राहून मॉडेल, खरेदीचं वर्ष, प्रोसेसर, मेमरी, डिस्कचा प्रकार, मेमरीचा मोकळा खाचा आहे का आणि बॅटरीची उरलेली क्षमता लिहून घ्या.

दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा: यंत्र वापरलं किती जातं. लॉगिनच्या नोंदी काढा आणि तासागणिक किती यंत्रं चालू होती ते पाहा. दोन विभागांच्या दोन प्रयोगशाळा शेजारी असतात, एक सकाळी गजबजलेली आणि दुसरी दुपारी, आणि दोन्ही विभाग नवीन यंत्रं मागत असतात. वेळापत्रक एकत्र बसवलं तर कधी कधी अख्खी मागणीच विरघळते. विभागप्रमुखांना हे पटवणं सोपं नाही, कारण स्वतःची प्रयोगशाळा हा मानाचा विषय असतो. आकडे समोर ठेवले की चर्चा बरीच मऊ होते.

मागणीपत्राचा नमुनाही बदला. "आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी, ३० नग" असं लिहून घेण्याऐवजी कोणती सॉफ्टवेअर चालवायची, एका वेळी किती विद्यार्थी बसणार आणि घरी न्यायची गरज आहे का, हे विचारा. यंत्र कोणतं हे त्यातून ठरू द्या.

दुसरी पायरी: जुन्यातून किती निघतं ते पाहा

फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हा माझ्या अनुभवात सगळ्यात फळ देणारा बदल आहे. सात वर्षांचा डेस्कटॉप कार्यालयीन कामाला, ग्रंथालयाला, प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाला पुन्हा उभा राहतो. सोबत मेमरी वाढवा, पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. धुळीमुळे तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आपण म्हणतो यंत्र म्हातारं झालं.

अडचण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट यंत्रं एका तारखेने बाद ठरली. अशांवर लिनक्स किंवा क्रोमओएस फ्लेक्स ही विंडोजऐवजी वापरायची ऑपरेटिंग सिस्टिम चालवता येते. कोणत्या विभागाचं काम त्यावर भागेल याची एका सत्रात पाच यंत्रांवर चाचणी घ्या आणि मगच ठरवा. सांख्यिकी, गणित, संगणकशास्त्र यांना सहसा अडचण येत नाही. विशिष्ट परवान्याचं अभियांत्रिकी किंवा लेखा सॉफ्टवेअर असेल तिथे येते. आमच्या त्या चाळीसपैकी बरेच लॅपटॉप शेवटी हलक्या लिनक्सवर ग्रंथालयाची सूची पाहण्यासाठी लागले. तेवढ्या कामाला ४ जीबी पुरते.

"जुनं यंत्र वीज खातं, म्हणून बदला" हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य आहे. ते तपासून घ्या. समजा जुना टॉवर ५० वॉट घेतो आणि नवा मिनी पीसी १० वॉट. दिवसाला ८ तास, वर्षाला २२० दिवस म्हणजे १,७६० तास. जुन्याला ८८ युनिट, नव्याला साधारण १८. बचत ७० युनिट. वीज मुख्यतः कोळशावर किंवा वायूवर बनत असेल आणि युनिटमागे अर्धा किलो उत्सर्जन धरलं, तर वर्षाला ३५ किलो वाचले. नवा मिनी पीसी बनवताना १५० किलो झाले असतील तर ते फिटायला चार वर्षांहून जास्त काळ लागेल. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, आपल्या यंत्रांना वॉटमीटर लावून आपले आकडे टाका. रात्रंदिवस चालणाऱ्या ३०० वॉटच्या जुन्या सर्व्हरला वर्षाला २,६२८ युनिट लागतात. तिथे बदल लवकर फिटतो.

नव्याची गरज उरलीच, तर रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या आणि दुरुस्त करून विकलेल्या, यंत्रांचा विचार पहिल्यांदा करा. मोठ्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी परत आलेले व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप मजबूत बांधणीचे असतात. अट एवढीच: सगळी एकाच मॉडेलची, निदान एक वर्षाची लेखी वॉरंटी, बॅटरीची किमान क्षमता ठरवलेली आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार अजून निदान चार वर्षं शिल्लक.

तिसरी पायरी: प्रकार ठरवा

जागेवरच वापरायचं असेल तर लॅपटॉप घेऊ नका. त्याची बॅटरी झिजते, बिजागऱ्या तुटतात, आणि एक भाग बिघडला की बाकीचंही अडकतं. मिनी पीसी आणि वेगळा मॉनिटर ही जोडी मला सगळ्यात पसंत आहे. चांगला मॉनिटर संगणकाच्या दोन पिढ्या पाहतो. याच कारणासाठी ऑल-इन-वन मी टाळते: आतला बोर्ड गेला की चांगला पडदाही त्याच्याबरोबर जातो.

थिन क्लायंटला (स्वतः फारसं काम न करता सर्व्हरवर विसंबणाऱ्या छोट्या यंत्राला) वीज कमी लागते आणि तो टिकतो जास्त, पण मागे सर्व्हर आणि भक्कम नेटवर्क लागतं. त्या सर्व्हरची वीज आणि थंडाव्याचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय तो हिरवा आहे असं म्हणू नये. ग्राफिक्स किंवा यंत्र-शिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) कामासाठी प्रत्येक टेबलावर महागडं ग्राफिक्स कार्ड बसवण्याऐवजी दोन-तीन सामायिक सर्व्हर ठेवून रांगेने काम द्यावं. टेबलावरची कार्डं दिवसाचा बहुतेक काळ नुसती बसून असतात.

प्रिंटरबद्दल थोडक्यात: प्रत्येक खोलीतला छोटा प्रिंटर काढा, मजल्यावर एक मोठा ठेवा, दोन्ही बाजूंनी छपाई ही मूळ सेटिंग करा आणि ओळखपत्राचं कार्ड टेकवल्यावरच कागद बाहेर येईल असं पाहा. विसरलेल्या छपाईचे गठ्ठे त्यानेच थांबतात.

चौथी पायरी: निविदेत काय लिहायचं

इथे वेळ घाला. निविदेत जे लिहिलं नाही ते पुढे मागता येत नाही.

सुरुवात आयुष्यापासून करा. "यंत्राचा अपेक्षित सेवाकाल लॅपटॉपसाठी ६ वर्षं, डेस्कटॉपसाठी ७ वर्षं, मॉनिटरसाठी १० वर्षं" असं पहिल्याच परिच्छेदात लिहा. बाकीच्या अटींना मग आपोआप आधार मिळतो. वॉरंटी पाच वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्तीची मागा. तीन वर्षांची वॉरंटी घेतली की चौथ्या वर्षी पहिला बोर्ड गेल्यावर दुरुस्तीचा खर्च कुणी मंजूर करत नाही आणि यंत्र निर्लेखनाच्या, म्हणजे बाद वस्तूंच्या, यादीत जातं.

बॅटरीचं कलम स्वतंत्र लिहा. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बऱ्याचदा एकाच वर्षाची असते, आणि ही गोष्ट बारीक अक्षरांत दडलेली असते. तीन वर्षांची बॅटरी वॉरंटी मागा आणि पूर्ण चार्जिंगच्या किती चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राहील ते लेखी घ्या. साध्या बॅटरीसाठी ३०० ते ५०० चक्रं सांगितली जातात. काही उत्पादक १,००० चक्रांची दीर्घायुषी बॅटरी पर्याय म्हणून देतात. सहा वर्षांच्या लॅपटॉपसाठी तीच घ्यावी.

दुरुस्तीसंबंधी माझ्या निविदेत आता ही वाक्यं ठरलेली असतात:

- मेमरी आणि एसएसडी काढून बदलता येतील अशा खाच्यांत असावी. सोल्डर केलेली मेमरी असल्यास १६ जीबीहून कमी चालणार नाही.
- बॅटरी आणि पंखा साध्या स्क्रू-ड्रायव्हरने बदलता यावा, बॅटरी गोंदाने चिकटवलेली नसावी.
- कीबोर्ड, पडदा आणि चार्जिंग पोर्ट यांचे सुटे भाग यंत्राची विक्री बंद झाल्यावरही निदान ५ वर्षं मिळतील असं उत्पादकाचं पत्र.
- दुरुस्तीची पुस्तिका सर्वांना खुली असावी.
- बाहेरच्या तंत्रज्ञाने किंवा महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याने यंत्र उघडल्यास वॉरंटी रद्द होणार नाही.
- बायोस आणि फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) यांचे सुरक्षा अपडेट किती तारखेपर्यंत मिळतील, ती तारीख.

शेवटचं कलम नीट वाचा. "पाच वर्षं अपडेट" या शब्दांवर समाधान मानू नका, तारीख मागा. क्रोमबुकचं (क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपचं) उदाहरण बघा: २०२१ पासून बाजारात आलेल्या क्रोमबुकांना १० वर्षं अपडेट मिळतात, पण मोजणी तो प्लॅटफॉर्म (यंत्राची मूळ हार्डवेअर रचना) बाजारात आल्यापासून सुरू होते. तुम्ही तीन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं तर सातच वर्षं उरली. सवलत का मिळतेय याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुरुस्तीयोग्यता तपासायची एक सोय आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर १० पैकी दुरुस्तीचा गुण दाखवावा लागतो. त्यात पुस्तिका, उघडण्यातली सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि किंमत धरलेली असते. मोठ्या उत्पादकांची बरीच मॉडेलं जगभर सारखीच असतात, त्यामुळे आपल्यापुढच्या मॉडेलचा तिथला गुण शोधून पाहता येतो.

विजेसाठी वार्षिक नमुनेदार वापराचा आकडा युनिटमध्ये मागा. नुसता "लो पॉवर" हा शब्द काही सांगत नाही. टॉवर घेत असाल तर पॉवर सप्लाय ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचा किंवा वरचा असावा. आणि त्याची क्षमता गरजेएवढीच ठेवा: १०० वॉटच्या यंत्राला ७५० वॉटचा सप्लाय बसवला की तो कायम अल्पभारावर, म्हणजे कमी कार्यक्षमतेवर चालतो.

चार्जर यूएसबी-सीचे हवेत आणि ते वेगळ्या दराने नोंदवलेले हवेत, म्हणजे आधीचे असतील तर घ्यावे लागणार नाहीत. माऊस, बॅग, जादा केबल यंत्रासोबत आपोआप यायला नकोत. शंभर बॅगा फुकट मिळाल्या म्हणून आनंदाने घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या स्टोअरमध्येच राहिल्या.

सर्व्हर खोलीसाठी एकच गोष्ट सांगते. थंडावा १८ अंशांवर ठेवायची सवय सगळीकडे आहे. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या आशरे या संस्थेची शिफारस सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस अशी आहे. नवे सर्व्हर वरच्या टोकाला चालतील याची लेखी हमी घ्या आणि तापमान हळूहळू वाढवा.

पाचवी पायरी: लेबलं ओळखा

लेबलांचे दोन प्रकार असतात. एकात बाहेरची संस्था निकष ठरवते आणि तपासते. दुसऱ्यात उत्पादक स्वतःच स्वतःबद्दल सांगतो. पत्रकावरचं पान, पृथ्वीचा गोल, "इको" हा शब्द हे सगळं बहुधा दुसऱ्या प्रकारातलं. रोहस किंवा सीई या खुणा तर नुसत्या कायद्याच्या किमान अटी आहेत. युरोपात रोहस १ जुलै २००६ पासून लागू आहे. शिसं, पारा, कॅडमियम यांसारख्या पदार्थांवर त्याने मर्यादा घातल्या हे मोठं काम झालं, पण आज ती खूण दाखवून कुणी जादा गुण मागू नयेत.

विश्वास ठेवावा अशी लेबलं मोजकी. एनर्जी स्टार १९९२ पासून आहे आणि वापरातल्या विजेपुरतंच बोलतं. ईपीट (EPEAT) २००६ साली सुरू झालं. त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे स्तर आहेत आणि घातक पदार्थ, दुरुस्ती, पॅकेजिंग, परत घेण्याची सोय असे बरेच निकष येतात. टीसीओ सर्टिफाइड हे स्वीडनमधलं, १९९२ पासूनचं. कारखान्यातल्या कामगारांची परिस्थितीही तपासते म्हणून मला ते सर्वांत जवळचं वाटतं. जर्मनीचं ब्लाउअर एंगेल १९७८ पासून आहे, म्हणजे या सगळ्यांत थोरलं.

तपासताना एक चूक हमखास होते. विक्रेता "आमची कंपनी ईपीट गोल्ड आहे" म्हणतो. ईपीटची नोंदणी कंपनीची नसते, मॉडेलची असते, आणि तीही देशागणिक वेगळी. त्याच्या खुल्या यादीत नेमका मॉडेल क्रमांक आणि आपला देश टाकून पाहा. टीसीओची यादीही तशीच शोधता येते. निविदा उघडण्याच्या दिवशीचं त्या नोंदीचं पान छापून फाईलला लावा.

निविदेत एकाच लेबलचं नाव घालून थांबू नका, "किंवा समतुल्य, त्रयस्थ पडताळणीसह" हे शब्द जोडा. स्पर्धा राहते आणि तक्रारीला जागा राहत नाही. "कार्बन न्यूट्रल लॅपटॉप" असा दावा आला तर विचारा: उत्सर्जन कमी केलं, की दुसरीकडे झाडं लावल्याची प्रमाणपत्रं घेतली? अशा भरपाईवर उभे असलेले उत्पादनांचे दावे युरोपीय संघ २७ सप्टेंबर २०२६ पासून बंद करतोय.

कामगार आणि खाणींचा प्रश्न लेबलच्या पलीकडेही जातो. कथील, टंगस्टन, टँटलम, सोनं आणि बॅटरीतलं कोबाल्ट कुठून येतं, अंतिम जुळणी कोणत्या कारखान्यात होते, याची यादी मागा. एकट्या महाविद्यालयाला ती मिळणं कठीण. इलेक्ट्रॉनिक्स वॉच ही संस्था सार्वजनिक खरेदीदारांच्या वतीने कारखान्यांवर लक्ष ठेवते आणि विद्यापीठं तिच्याशी जोडून घेऊ शकतात. आठ-दहा महाविद्यालयांनी किंवा विद्यापीठाने मिळून एकत्र निविदा काढली तरी विक्रेत्याचा सूर बदलतो.

सहावी पायरी: तुलना

नियमाने सर्वांत कमी दरच स्वीकारावा लागत असेल, तर वरच्या सगळ्या अटी अनिवार्य विनिर्देशांत घाला. जो अट पूर्ण करत नाही त्याचा आर्थिक (दराचा) लिफाफा उघडायचाच नाही. गुणांकनाची मुभा असेल तर आयुष्य, दुरुस्ती आणि पर्यावरण यांना मिळून निदान २५ टक्के वजन द्या. पाच टक्के दिल्याने निकालावर काहीही परिणाम होत नाही, फक्त अहवालात लिहायला बरं दिसतं.

दराच्या रकान्याशेजारी नवा रकाना आखा: खरेदी, सेवाकालातली वीज, एक बॅटरी, वॉरंटीवाढ आणि विल्हेवाट यांची बेरीज भागिले वर्षं. कमी दराचं यंत्र या रकान्यात कितीदा तरी मागे पडतं. हिशेब तपासनिसाला उत्तर द्यायलाही हाच तक्ता कामी येतो.

मग नमुना यंत्र मागवा आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या हातात द्या. घड्याळ लावून बॅटरी, मेमरी आणि कीबोर्ड काढून परत बसवायला सांगा. कीबोर्ड बदलायला अख्खं यंत्र सोलावं लागत असेल तर ते तिथेच कळतं. खरेदी समितीत या तंत्रज्ञाला बसवा. पुढची सहा वर्षं ती यंत्रं तोच जगवणार आहे.

सातवी पायरी: मागणी आणि पहिला आठवडा

मागणी लवकर द्या. सत्र तोंडावर आल्यावर घाई केली की माल विमानाने येतो, आणि त्याच वजनाच्या जहाजवाहतुकीपेक्षा त्याचं उत्सर्जन अनेक पटींनी जास्त असतं. आर्थिक वर्ष संपायच्या आधी निधी खर्च करायची धावपळ हे त्याचं नेहमीचं कारण. एका खोक्यात दहा-वीस यंत्रं येतील असं सामूहिक पॅकेजिंग मागा आणि रिकामी खोकी, पॅलेट परत न्यायची अट घाला.

यंत्र वाटण्याआधी मूळ प्रतिमेतच (सगळ्या यंत्रांवर चढवायच्या तयार सॉफ्टवेअर-प्रतीत) सेटिंग करून टाका. दहा मिनिटांनी पडदा बंद, वीस मिनिटांनी स्लीप. प्रयोगशाळेतली यंत्रं रात्री आपोआप बंद, आणि अपडेटसाठी नेटवर्कवरून जागी करण्याची सोय चालू. वर घेतलेला ५० वॉटचा टॉवर वर्षभर चालूच ठेवला तर ८८ ऐवजी ४३८ युनिट खातो. शंभर यंत्रांची ही उधळपट्टी ३५,००० युनिट होते, आणि ती थांबवायला पैसे लागत नाहीत. सतत चार्जरला लावलेल्या लॅपटॉपांचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बायोसमध्ये असते, ती चालू करा. बॅटरीचं आयुष्य त्याने लांबतं.

आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा. याचा उपयोग सहा वर्षांनी होतो.

आठवी पायरी: निरोप

खूप संस्था डिस्कवरच्या माहितीच्या भीतीने यंत्रं फोडतात किंवा कुलूपबंद खोलीत सडवतात. भीती खरी आहे, उपाय चुकीचा. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची किल्ली नष्ट केली की माहिती वाचता येत नाही. हार्ड डिस्कवर पुन्हा लिहून पुसता येतं. एसएसडीवर मात्र तसं पुन्हा लिहिणं पुरेसं नाही, कारण ती लेखन आतल्या आत वेगवेगळ्या पेशींत फिरवते. तिथे उत्पादकाची सुरक्षित पुसण्याची आज्ञा किंवा एन्क्रिप्शनची किल्ली पुसणं हाच मार्ग. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका यासाठी सगळीकडे वापरली जाते. तिच्यानुसार पुसल्याचं प्रमाणपत्र प्रत्येक सीरियल क्रमांकासह घ्या.

पुसलेलं यंत्र आधी महाविद्यालयातच हलक्या कामाला लावा, मग गरजू विद्यार्थ्यांना किंवा शाळांना द्या, ते जमलं नाही तर सुटे भाग काढून ठेवा. रिसायकलिंग सगळ्यात शेवटी. देणगीच्या नावाखाली बंद पडलेली यंत्रं शाळांच्या गळ्यात मारू नका, तो फक्त कचऱ्याचा पत्ता बदलणं आहे.

भंगाराचा लिलाव "जास्त बोली त्याला माल" या एकाच तत्त्वावर केला, की तांब्यासाठी तारा जाळणाऱ्यांच्या आणि सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवणाऱ्यांच्या हाती माल जाण्याची शक्यता वाढते. घानातलं अग्बोगब्लोशी आणि चीनमधलं ग्वीयू या जागा अशाच कामांनी जगाला माहीत झाल्या. लिलावात फक्त अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांनाच भाग घेऊ द्या. जबाबदार पुनर्चक्रणाचं आर-टू किंवा ई-स्टुअर्ड्स प्रमाणपत्र असेल तर उत्तम. माल पुढे कुणाकडे जातो याची साखळी लेखी मागा. १ जानेवारी २०२५ पासून, कचऱ्याच्या देशांतरावरच्या बासेल या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्तीने घातक असो वा नसो, सगळा ई-कचरा देशाबाहेर पाठवायला आधी संमती लागते, त्यामुळे परदेशी रवानगीबद्दल प्रश्न विचारायला आता भक्कम आधार आहे. उत्पादकाने माल परत न्यावा ही अट खरेदीच्याच निविदेत घातली असेल तर हे काम खूप हलकं होतं.

फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढा. त्यांना चार्जिंग नको, टोचणं नको, यंत्रांच्या ढिगात ठेवणं तर मुळीच नको. टोकांना चिकटपट्टी लावून, ज्वलनशील वस्तूंपासून दूर, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर सोपवा.

या सगळ्या काळात एक वही चालू असू द्या, किंवा साधी स्प्रेडशीट: कोणतं मॉडेल, कोणत्या महिन्यात, कोणता भाग गेला, सुटा भाग यायला किती दिवस लागले, विक्रेत्याने काय उत्तर दिलं. तीन वर्षांत त्यात एखादी बिजागरी वारंवार दिसेल, एखादा चार्जिंग पोर्ट दिसेल. पुढचं मागणीपत्र लिहाल तेव्हा तिची प्रत पहिल्या पानामागे टाचून समितीपुढे ठेवा.